आजीच्या खाटेवर आयर्लंड

ट्राम थांबली ती थांबलीच. पुढे रुळांवर आयरिश पाठीराख्यांनी सगळं हिरवंगार करून टाकलं होतं. हिरवे शर्ट, हिरव्या टोप्या, हिरवे रंगवलेले गाल, आणि त्या सगळ्या हिरव्यात एक पोलीस हात वर करून उभा होता. तो ट्राम अडवत होता की त्यांच्यातच नाचत होता, ते सांगणं अवघड होतं. बोग्नाला हसू आलं. जून उजाडून फुटबॉलची युरोपातली स्पर्धा शहरात आल्यापासून तिला सारखंच हसू येत होतं. अख्खं पोझनान शहर कोणीतरी उचलून, झटकून पुन्हा अंथरल्यासारखं दिसत होतं, आणि त्यात ती सोळा वर्षांची होती, आणि तिला इंग्रजी येत होतं! परदेशी लोक गर्दीतून नेमकं तिलाच गाठून रस्ता विचारायचे आणि ती हातवारे करून सांगायची, कधीकधी चुकीचाही, पण असा ठणकावून की ते खूश होऊन जायचे. तिनं मान वर केली. काही बघायला म्हणून नाही, नुसती अवघडली म्हणून. समोर हॉस्पिटलची जुनी विटांची इमारत होती, तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून लाल-पांढरा झेंडा सोडला होता, आणि झेंड्याच्या वर चार म्हाताऱ्या ओळीनं उभ्या राहून खालचा नाच बघत होत्या. त्यातली एक तिची आजी होती.

आजी तर डोंगरात, आरोग्यधामात होती.

असेल दुसरी कोणी, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. म्हाताऱ्या लांबून सगळ्या सारख्याच दिसतात. पण दुसरी कुठली म्हातारी बोग्नाचं जुनं, चेन तुटलेलं पिवळं जाकीट घालून उभी राहील? आणि एका हाताचं कोपर दुसऱ्या हाताच्या तळव्यात धरून उभं राहायची ती तऱ्हा, जणू कोपर म्हणजे गरम वाडगा आहे आणि तो कुठे ठेवावा हे कळत नाही. कालच तर फोनवर बोलणं झालं होतं. आजी सांगत होती, हवा इतकी स्वच्छ आहे की झोपच येत नाही, शेजारची बाई मात्र घोरते. सूप पातळ, पण गरम असतं. आणि सकाळी खिडकीतून हरणं दिसतात. हरणं! बोग्नानं ती हरणं इंग्रजीत करून घरी उतरलेल्या फर्गललासुद्धा सांगितली होती. तिच्या कानात कसलीशी शीळ वाजायला लागली, पोहण्याच्या तलावात खोल गेल्यावर वाजते तशी. ट्राममधली माणसं, नाचणारी माणसं, सगळी तोंडं उघडमिट करत होती आणि आवाज कुणाचाच येत नव्हता. खोटं बोललं की माणसाचा आवाज बदलतो, हे तिनं इतके दिवस अगदी धरून ठेवलं होतं. आजीचा आवाज काल जराही बदलला नव्हता. हरणांच्या वेळी तर उलट खुलला होता.

दार उघडा म्हणून तिनं ट्राम चालवणाऱ्या बाईंच्या मागे लकडा लावला. बाई म्हणाल्या, इथे थांबा नाही. बोग्ना म्हणाली, मग आपण आत्ता काय करतोय? बाईंनी तिच्याकडे आरशातून एकदा पाहिलं आणि दार उघडलं.

रस्ता ओलांडताना कुणीतरी तिच्या डोक्यावर हिरवी टोपी चढवली, कुणीतरी तिला एक गिरकी दिली, आणि तिनं सवयीनं हसून आभारही मानले. हे हसणं चेहऱ्यावर तसंच राहिलं, उतरवायला विसरलेल्या टोपीसारखं. घरात तीन आयरिश होते, म्हणजे आजीच्या खोलीत. फर्गल आणि त्याचे दोघे भाऊ. पहिला सामना हरून आले त्या संध्याकाळी तिघं जिन्यातूनच गात आले होते. बाबा दारात पडलेल्या चेहऱ्यानं सांत्वन करायला उभे, आणि हे तिघं बाबांनाच मिठ्या मारायला लागले. किती गुणी माणसं! स्वतःच्या बशा स्वतः धुवायची. आईच्या बटाट्यांना, कांद्याची पात घातलेल्या पनीराला, दर वेळी नव्यानं नावाजायची. ती खोली भाड्यानं द्यायची कल्पना कुणाची होती, ते आता कुणालाच नीट आठवलं नसतं, बिल्डिंगमध्ये सगळेच देत होते. पण जाहिरात बोग्नानं लिहिली होती. इंग्रजीत. फोटो काढताना भिंतीवरचा येशू उतरवला, पलंगाखालचं भांडं बाल्कनीत ठेवलं, आजीच्या चपला दाराआड सरकवल्या, आणि आजीनं स्वतः पडदा धरून ठेवला होता, उजेड यावा म्हणून. फोटोत पडद्याच्या कडेला आजीची बोटं आली होती. बोग्नानं ती कापून टाकली. फोटोतून, अर्थात. ही खोली कुणाची, असं फर्गलनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, आणि बोग्नानं ऐटीत सांगितलं होतं की माझ्या आजीची, ती सध्या डोंगरात आराम करतेय. नशीबवान आहे तुझी आजी, असं तो म्हणाला होता. आणि बोग्नाला वाटलं होतं, खरंच की.

हॉस्पिटलच्या जिन्यात फिनाइलचा आणि उकडलेल्या कोबीचा वास येत होता. दर वर्षी नाताळच्या आधी शेजारचे लोक आपल्या आजोबांना छातीत दुखतंय म्हणून हॉस्पिटलात नेऊन सोडायचे आणि मग बर्फात खेळायला निघून जायचे, सणवार उलटला की परत आणायचे. सगळ्या बिल्डिंगला ते माहीत होतं. आई तर दर वर्षी त्या आजोबांसाठी केक पाठवायची आणि केक बांधता बांधता म्हणायची की लोकांची काळजं दगडाची असतात. तो केक द्यायला बोग्ना स्वतः गेली होती एकदा, अशाच जिन्यानं. आजोबांनी केकचा तुकडा हातरुमालात गुंडाळून ठेवला होता. कशासाठी? घरचे आले की त्यांना द्यायला. हे आठवलं तेव्हा बोग्ना दुसऱ्या मजल्यावर होती, आणि पुढची पावलं उचलायला तिला कठडा धरावा लागला.

वॉर्डात सहा खाटा होत्या आणि सहाही म्हाताऱ्या आता खिडकीपाशी होत्या. बोग्ना दारात उभी राहिली. आजी वळली. तिच्या चेहऱ्यावर काय काय झालं ते बोग्नानं पाहिलं: आधी नुसता आनंद, रोज शाळेतून आल्यावर दिसायचा तोच, आणि मग तो आनंद अर्ध्यावर आठवण होऊन थांबला.

"अगंबाई," आजी म्हणाली. मग बोग्नाच्या डोक्याकडे बघून, "ही टोपी कुठली?"

बोग्नानं टोपी काढली. तिला ओरडायचं होतं. अख्खा जिना चढताना तिनं वाक्यं रचत आणली होती, एकाहून एक धारदार, पण ती हरणांबद्दल विचारून बसली. आजी म्हणाली की हरणं त्या शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या गावची, ल्युडविकाबाईंची, त्या रोज सांगतात, मीही तीच वापरली.

मग त्या सगळ्यांनी मिळून बोग्नाला खाटेवर बसवलं, कपातला गार फळांचा रस दिला, आणि एकदमच बोलायला लागल्या. पलीकडच्या खाटेवरच्या स्तेफानियाबाई धिप्पाड होत्या आणि त्यांचा आवाज त्याहून धिप्पाड. त्यांच्या घरी इटालियन उतरले होते. "माझ्या खाटेवर इतक्या वर्षांनी पुरुष झोपलाय," त्या म्हणाल्या, "आणि मी मेली इथे." सगळ्या हसल्या, आजीही हसली, तोंडावर हात घेऊन, दात काढून ठेवलेले होते म्हणून. ल्युडविकाबाईंच्या घरी क्रोएशियाचे चौघं होते. कोपऱ्यातल्या बाई बोलत नव्हत्या, पण त्यांच्याही घरी कुणीतरी होतं. कोण ते त्यांना मुलानं सांगितलं नव्हतं. सामने त्या सगळ्या जणी रेडिओवर ऐकत होत्या, आणि प्रत्येकीची प्रार्थना एकच, आपल्या खाटेवरचा संघ हरावा. हरला की पाहुणे जाणार, पाहुणे गेले की घर. आयर्लंड पहिलाच सामना हरलं तेव्हा वॉर्डात आजीचं अभिनंदन झालं होतं. तिनं बिस्किटं वाटली होती.

"पण तुझे ते जातच नाहीत गं," आजी म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, नवल होतं. "हरले तरी गातात. असली कसली माणसं?"

बोग्नाला त्या तिघांचा एकाएकी भयंकर राग आला, आणि लगेच कळलं की त्यांच्यावर रागावण्यासारखं काहीच नाही. हेच फार वाईट होतं. राग ठेवायला कुठे जागाच सापडत नव्हती. बागेच्या वेळीही असंच झालं होतं. बोग्नाचा जन्म झाला तेव्हा आजीनं आपला फ्लॅट आईबाबांना दिला आणि शहराच्या कडेला, लोकांना भाजीपाल्यासाठी जमिनी वाटून दिलेल्या वाफ्यांच्या वसाहतीत, आपल्या बागेच्या तुकड्यावर राहायला गेली. तशा पुष्कळ जणी राहायच्या. लाकडी खोली, पत्र्याची चूल, हिवाळ्यात खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवायची. बागेत फक्त बाग करायची, राहायचं नाही असा नियम होता, म्हणून टपाल फ्लॅटवर यायचं, मतदान फ्लॅटवरून व्हायचं, आणि आजी वर्षानुवर्षं अशा ठिकाणी राहिली जिथे कुणी राहत नव्हतं. मग स्पर्धा आपल्याकडे होणार असं ठरलं. टीव्हीवर ते ऐकून बोग्ना सोफ्यावर उड्या मारत होती, आणि आजी तेव्हा आलीच होती बेरींची बरणी घेऊन, तिलाही ओढून तिनं नाचवलं होतं. स्टेडियमकडे जाणारा रस्ता रुंद करायचा म्हणून वसाहतीची ती बाजू गेली. झाडांची भरपाई मिळाली, खोलीचीही मिळाली. माणसाची मिळण्याचा प्रश्न नव्हता, कारण तिथे माणूस नव्हतंच. कुणी वाईट वागलं नाही. मोजणीला आलेल्या माणसानं तर आजीला चेरीचं रोप उपटून देऊन, कुंडीत लावा म्हणून सांगितलं. आजी फ्लॅटवर राहायला परत आली, पण ते बाल्कनीत जगलं नाही. स्टेडियम पहिल्यांदा उघडलं तेव्हा बोग्ना बाबांबरोबर गेली होती, त्याच रस्त्यानं, आणि बसच्या खिडकीला नाक लावून शोधत होती की हापसा कुठे होता, गूजबेरीची कुंपणं कुठे, जिथे ती एकदा दिवसभर हरवली होती ते रान कुठे. सगळीकडे नुसता सपाट, सुंदर, काळा रस्ता होता. शोधता शोधता स्टेडियम दिसलं, तंबूसारखं, उजळलेलं, आणि ती शोधायचं विसरली. विसरणं इतकं सोपं असतं, हे तेव्हा तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

सिस्टर येऊन सांगून गेल्या की डॉक्टर येतायत आणि आज पेलागियाबाईंचं काय ते ठरवायचंय. पेलागिया म्हणजे आजी. गुरुवारच्या सामन्यासाठी खाटा मोकळ्या ठेवायचा हुकूम होता. चेंगराचेंगरी झाली, मारामारी झाली, कुणी पिऊन पडलं, तर कुठे ठेवणार? आजीच्या सगळ्या तपासण्या नीट आल्या होत्या. दोन दिवस ते घरी फोन लावत होते आणि घरी कुणी उचलत नव्हतं. सिस्टर बोग्नाकडे बघून म्हणाल्या, बरं झालं तुम्ही आलात, आणि बोग्नाच्या मनात आलं की तिला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी अहोजाहो केलं. गेल्या आठवड्यात केलं असतं तर ती आनंदानं दुमदुमली असती.

शहरात आजीसाठी एकही खाट नव्हती. घरची सामना बघायला आलेल्यांना दिली होती आणि इथली सामना बघून जखमी होणाऱ्यांना हवी होती. अजून जखमी न झालेल्यांना! ते कुठेतरी आत्ता मजेत बिअर पीत असतील. बोग्नाला हे गणितासारखं स्पष्ट दिसलं आणि गणितात उत्तर चुकल्यावर व्हायचं तसं तिचं तोंड गरम झालं.

ती बाहेर व्हरांड्यात गेली आणि तिनं आईला फोन लावला. आईनं लगेच उचलला, अर्थातच, नंबर बोग्नाचा होता. बोग्नाला सरळ विचारता आलं असतं. तिनं विचारलं, आजी कशी आहे?

"मजेत आहे गं. आत्ताच बोलणं झालं," आई म्हणाली. "पाऊस पडतोय म्हणे तिकडे."

व्हरांड्याच्या खिडकीतून ऊन येऊन बोग्नाच्या चपलांवर पडलं होतं. आईचा आवाजही बदलला नव्हता. तोच आवाज, जेवलीस का विचारणारा. या आवाजानं आजवर सांगितलेलं काय काय आता पुन्हा तपासायचं? ती म्हणाली, "आई, मी वॉर्डातून बोलतेय." पलीकडे नळ चालू होता तो बंद झाल्याचं ऐकू आलं. आई रडेल असं तिला वाटलं, नाहीतर ओरडेल. दोन्हीला ती तयार होती. आई बोलली ती अगदी हळू, थकून, बरोबरीच्या बाईशी बोलावं तशी. आरोग्यधामाचा नंबर यायला अजून दोन वर्षं आहेत. पाहुण्यांचे पैसे खिडक्या बदलण्यात गेले, ते परत कुठून देणार? डॉक्टरांचे फोन मी घेत नाही, कारण घेतला तर मला खोटं बोलता येणार नाही.

"तू आता आहेसच तिथे," आई म्हणाली. "तू बोल. तुला बोलता येतं, बोग्ना. आम्हाला नाही येत."

हे असं ऐकायला ती किती वर्षं थांबली होती.

परत येऊन तिनं आजीचे कपडे पिशवीत भरायला घेतले. ती म्हणाली, चल घरी, तू सोफ्यावर झोप, मी खाली गादी टाकीन, बाबा झोपताहेतच स्वयंपाकघरात. ती भराभरा बोलत होती, सगळं जमण्यासारखं होतं, जमवलंच असतं तिनं! आजीनं पिशवीतून एकेक कपडा परत काढला. घडी मोडली होती त्याची घडी केली. ती म्हणाली की कल्पना माझीच होती, तुझी आई रडत होती, मीच म्हटलं छातीत दुखतंय म्हणून सांगू. बोग्नाला हे खरं वाटलं नाही, आणि खोटंही वाटलं नाही. त्या दोन गोष्टी ओळखायची तिच्यातली जागाच त्या दिवशी बधिर झाली होती, दात काढायच्या आधी हिरडी होते तशी.

"आणि त्या पोरांसमोर मी कशी येऊ?" आजी म्हणाली. "त्यांना तूच सांगितलंयस ना, डोंगरात आहे म्हणून? आता हा असला गाऊन घालून मी डोंगरातून उगवू? काय म्हणतील ते आपल्याला? परदेशी माणसं ती. आपल्या घरचं मीठ खाल्लंय त्यांनी."

"काय म्हणायचं ते म्हणू देत."

"नाही बाई. इथून गेल्यावर तिकडे सांगतील, पोलंडात म्हातारीला हाकलून खोली दिली. त्यांच्या जिवाला लागेल. चांगली आहेत म्हणतेस ना?"

"चांगली आहेत," बोग्ना म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. स्तेफानियाबाई खिडकीकडे तोंड करून खालचं गाणं मोठ्यानं गुणगुणायला लागल्या, शब्द येत नसताना, नुसतं ला ला करून, म्हणजे कुणाला काही ऐकू जाऊ नये.

डॉक्टर आल्या. तरुण होत्या, डोळ्यांखाली काळं आलेलं, खिशात अर्धं खाल्लेलं सफरचंद. त्यांनी आजीचा हात हातात घेतला, आणि त्या अगदी प्रेमानं म्हणाल्या की आजी, तुमचं हृदय माझ्यापेक्षा चांगलं चाललंय, आज संध्याकाळी घरी जायचं. आजीनं छातीवर हात ठेवला. डाव्या बाजूला, बोटं पसरून. ती म्हणाली की पहाटे परत आली होती कळ. डॉक्टर उसासल्या. त्यांनी हे त्या आठवड्यात कितीदा ऐकलं असेल! त्या बोग्नाकडे वळल्या.

"तुम्ही घरच्या ना? खरं सांगा. घरी असताना रात्री कधी दुखलं होतं यांना?"

आजी बोग्नाकडे बघत होती. त्या बघण्यात विनवणी असती तर बोग्नाला नाही म्हणता आलं असतं. तिथे विनवणी नव्हती. शाळेच्या नाटकात बोग्ना पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा पहिल्या रांगेतून आजी अशीच बघत होती, ओठ किंचित हलवत, पुढचं वाक्य तिला पाठ असल्यासारखी. सगळा वॉर्ड तिच्याकडे बघत होता. कोपऱ्यातल्या न बोलणाऱ्या बाईसुद्धा. बोग्नानं तोंड उघडलं तेव्हा आत काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "रात्रीच दुखतं. आधी पाठीत येतं, मग हाताकडे उतरतं, घाम फुटतो. ती आम्हाला सांगत नाही. मी तिच्याच खोलीत झोपते ना, म्हणून मला माहीत. मागच्या महिन्यात तर ती भिंतीला टेकून बसली होती सकाळपर्यंत. आजोबाही असेच गेले. तपासणीत त्यांचंही काही आलं नव्हतं."

कुठून आलं हे? भिंत, घाम, आजोबा? आजोबा तर ट्रकखाली गेले होते. एकही शब्द अडला नव्हता, आवाज जराही हलला नव्हता, शेवटी तर किंचित थरथरलाही, जिथे थरथरायला हवा होता तिथेच. डॉक्टर तिच्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. त्यांना सगळं कळलं असावं, नाहीतर काहीच कळलं नसावं. ठीक आहे, त्या म्हणाल्या, अजून दोन दिवस ठेवू, पुन्हा एकदा ईसीजी काढू. आणि कोपऱ्यातल्या बाईंकडे बघून त्या सिस्टरना म्हणाल्या की मग यांना आज सोडा. कोपऱ्यातल्या बाईंनी पांघरुणाची घडी घालायला घेतली.

बोग्ना खाटेच्या कडेवर बसली. खाली कुणीतरी भोंगा वाजवला आणि हजार गळ्यांनी त्याला हसून उत्तर दिलं. आजीनं मोकळ्या हातानं तिच्या गुडघ्यावर थोपटलं.

"आईवर गेलीस हो अगदी," ती कौतुकानं म्हणाली.

डॉक्टर दाराबाहेर पडल्या, सिस्टर गेल्या, व्हरांड्यातल्या चपलांचा आवाजही गेला. आता काढ ना तो हात, बोग्ना मनात म्हणाली. गेले सगळे. आजी हसत होती, कपाळावर बारीक घाम होता, आणि डाव्या बाजूला पसरलेली बोटं तशीच होती. बोग्ना त्या हाताकडे बघत राहिली. काढ ना आता.